खुनी कोण हे वाचणाऱ्यालाही ठाऊक नको

आमच्या आवडत्या लेखकाचे शेवटचे पुस्तक मी वाचून संपवले, तेव्हा विड्यांच्या कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेहमीसारखे "वाटलंच हुतं मला" असे कोणीच म्हटले नाही. बायकांचे हात विड्या वळत राहिले. थोड्या वेळाने अक्काने विचारले, "ह्याचं दुसरं?"

"संपली. यानं लिहिलेली सगळी वाचली आपण. काही तर दोनदा."

"मग नवीन लिवाया सांग की त्याला."

"त्यानं लिहिणं बंद केलंय, असं वाचनालयात कळलं."

"बंद केलंय म्हंजे? आमी काय करायचं?"

हे ती अशा रागाने म्हणाली, की जणू सोलापुरातले सगळे आड एका रात्रीत आटले होते आणि त्याला मी जबाबदार होतो.

अक्का म्हणजे त्या कारखान्यातली सर्वांत जुनी कामकरीण. घरी ती तेलुगू बोले, आमच्याशी सोलापुरी मराठी. तेलुगूत धाकट्या भावाला म्हणतात तसे ती मला तम्मुडू म्हणायची, पण ते फक्त खुशीत असताना. एरवी मी सगळ्यांचा 'मास्तर' होतो. मी मास्तर नव्हतो. मराठी सातवी झालेला, नोकरी नसलेला, वीस-एकवीस वर्षांचा माणूस होतो आणि माझे काम मोठ्याने वाचण्याचे होते.

आमच्याकडे ती पद्धत अशी होती. बायका ओळीने मांडीवर सूप घेऊन बसत. सुपात तंबाखू, कापलेली पाने, दोरा. मध्यभागी आणखी एक सूप असे, ते वाचणाऱ्याचे. जाता-येता प्रत्येक बाई आपल्या विड्यांतल्या मूठभर त्यात टाकी आणि संध्याकाळी त्या विड्या माझ्या नावावर मोजल्या जात. मालकाची हरकत नसे. गोष्ट रंगली की हात भराभर चालतात, हे त्याने पाहिले होते.

दुसरा एक नियम मात्र फार कडक होता. पुस्तक वाचणाऱ्याने घरी न्यायचे नाही. दिवसाचे वाचन झाले की ते अक्काच्या हवाली करायचे. ती ते फडक्यात बांधून घरी नेई आणि सकाळी परत आणी. माझ्या आधी वाचायला येत ते गृहस्थ घरी पुढचे वाचून ठेवत. मग गोष्टीत खुनी आला की त्यांचा आवाज नकळत गोड व्हायचा आणि दुसऱ्याच दिवशी साऱ्या शेडला खुनी कळायचा. तेव्हापासून ठरले: खुनी कोण हे वाचणाऱ्यालाही ठाऊक नको. अक्काला अक्षरओळख नव्हती, म्हणून रहस्य तिच्याजवळ सुरक्षित, असे तीच अभिमानाने सांगे.

मला स्वतःला या खुनांमध्ये काडीचा रस नव्हता. मी पत्रकांवर वाढलेला. वडील छापखान्यात खिळे जुळवत. खराब निघालेले कागद घरी आणत, आणि ते बहुधा कुठल्या ना कुठल्या पत्रकाचे असत. दारूबंदी, बालविवाह, सावकारी, स्वदेशी, अस्पृश्यता. मी मुळाक्षरे शिकलो ती 'बंधूंनो, जागे व्हा!' यावर. आमच्या घरी गोष्टीचे पुस्तक म्हणून नव्हते. गोष्टी म्हणजे रिकाम्या माणसांची अफू, असे वडील म्हणत आणि मलाही ते पटलेले होते.

मग मी तिथे बसून गुप्त पोलिसांच्या गोष्टी का वाचत होतो? मला एकच गोष्ट हवी होती. त्या कारखान्यात 'छाट' चालत असे. वळलेल्या विड्यांतल्या वाईट म्हणून काही बाजूला काढायच्या, त्यांची मजुरी द्यायची नाही, आणि संध्याकाळी त्याच विड्या चांगल्यांत मिसळून बंडले बांधायची. हा उघड दरोडा होता आणि तो त्या बायकांच्या डोळ्यांदेखत रोज होत होता. आम्ही काही तरुणांनी छाटीविरुद्ध सभा घ्यायचे ठरवले होते. त्या सभेला या बायका याव्यात, एवढेच मला हवे होते. म्हणून मी अक्काशी सौदा केला होता: मालक दुपारी जेवून डुलकी काढायला गेला, की प्रकरण संपल्यावर मी एक पत्रक वाचणार आणि त्यांनी ते ऐकून घ्यायचे. त्या ऐकत. कडू औषधावर गूळ मिळणार, हे ठाऊक असलेल्या मुलांसारख्या ऐकत.

आता गूळच संपला होता.

खरे सांगायचे तर त्या जुन्या लेखकाबद्दल मलाही आदर वाटू लागला होता. त्याचा हेर म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर. त्याने कधी कोणावर हात उगारला नाही. चोर नेहमी बड्या घरात सापडे. असाच दुसरा कोणी असेल, अशा भाबड्या समजुतीने मी वाचनालयात गेलो. तिथले वृद्ध ग्रंथपाल तपकीर ओढत म्हणाले, "तसा दुसरा नाही. पण दुसरे पुष्कळ आहेत. न्या."

पहिला मी नेला, त्याच्या पुस्तकात तीन प्रकरणे झाली तरी कोणी मरेना. नायिका गच्चीत उभी आणि तिच्या पदराचेच वर्णन चाललेले. पाने कापणारी एक तरणी, फाटक्या तोंडाची बाई होती, ती ओरडली, "मास्तर, तिला ढकला की कुणी तरी गच्चीवरनं!" ते पुस्तक त्याच दिवशी परत गेले.

दुसऱ्याचे वाचताना मला पहिला खरा धक्का बसला. घरात हार चोरीला जातो. हेर येतो आणि सर्वांआधी मोलकरणीला बोलावतो. का, तर ती मोलकरीण! तिला दम देतो, कोंडतो, आणि लेखक ते चातुर्य म्हणून सांगतो. मी पान वाचत होतो आणि माझे कान तापत होते. हे लोक छापतात! पैसे देऊन विकत घेतात! मी वाचन थांबवून या प्रकारावर बोलायला लागलो, तर अक्का म्हणाली, "तू नगं चिडू. ती काय घ्येत न्हाय. हार त्या शाणीनंच लपवलाय, मालकिणीनं." हार मालकिणीनेच लपवला होता. पण पुस्तक संपेपर्यंत मोलकरणीची कोणी माफी मागितली नाही. मला ते अजून सहन होत नाही.

तिसरे कुठल्याशा इंग्रजी पुस्तकावरून केलेले होते. माणसांची नावे मराठी, गाव पुण्याजवळचे, आणि वैशाखात सगळे शेगडीभोवती हात शेकत बसलेले. बाहेर दाट धुके. आमच्या पत्र्याखाली त्या वेळी घाम डोळ्यांत उतरत होता. पाने ओली राहावीत म्हणून गोणपाटावर पाणी मारावे, तर ते वाफ होऊन उडत होते.

"काय करत्यात म्हनला?"

"हात शेकतायत."

"वैशाखात?" सारी शेड हसली. "मेलेला बी थंडीनं मेला असंल!"

हात मंदावले. मालक दोनदा दारात येऊन गेला. "मास्तर, गोष्टीत दम नाही तुमच्या हल्ली," तो म्हणाला. "मग कशाला घसा सुकवता?" सभेला तीन आठवडे राहिले होते आणि माझी जागा जाते की काय, अशी वेळ आली.

तेव्हा ग्रंथपालांनी चौथे पुस्तक दिले. कुर्डुवाडीला गाडीत कोणी तरी विसरले होते, तिथल्या रेल्वे वर्कशॉपातल्या त्यांच्या मेव्हण्याने पाठवलेले. लेखकाचे नाव त्यांनीही कधी ऐकले नव्हते.

पहिल्याच पानावर भोंगा होतो आणि कापडाच्या गिरणीचा मालक आपल्या खुर्चीत मेलेला सापडतो. खोलीचे दार आतून बंद. पहिले पान संपायच्या आत शेडमध्ये दोऱ्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता झाली. गिरणी आमच्या ओळखीची, भोंगा आमच्या ओळखीचा, जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, तर असा हुबेहूब, की कोणी तरी म्हणाले, "ह्यो तर आमच्या नणंदेचा दीर!" हात असे चालू लागले, की माझ्या सुपातली रास सुपाबाहेर सांडू लागली.

आणि त्या पुस्तकात एक कामगार पुढारी होता.

मी कसे सांगू? आजवर वाचलेल्या सगळ्या पत्रकांतून उचलून कोणी जिवंत माणूस उभा केला असावा, तसा तो होता. अंगात जाडेभरडे कपडे, निर्भीड, पोलिसांच्या तोंडावर बोलणारा. दुसऱ्या प्रकरणात त्याचे गिरणीच्या फाटकापुढे भाषण होते. मी ते वाचले नाही, मी ते केलेच. उभा राहून केले. वाचून झाल्यावर घसा बसला होता आणि पाने कापणारीची कात्री हातात तशीच थांबली होती.

"असं बोलायला शिका," मी सगळ्यांना म्हणालो. "आपली सभा आहे, तिथं असं कोणी तरी बोललं पाहिजे."

"तू बोल की," अक्का म्हणाली. "आमी ऐकतो." आणि मग थोड्या वेळाने, वळता वळता, "कवा हाय म्हनलास?"

तिने प्रथमच सभेचा वार विचारला होता! पुढचे दिवस मी त्या पुढाऱ्याच्या जिवावर जगलो. पत्रक काढायची गरज उरली नाही; पुस्तकच पत्रक झाले. पोलीस त्याच्यावर संशय घेत, तेव्हा बायका पोलिसांना शिव्या देत. हेर त्याला भेटायला जाई, तेव्हा त्या म्हणत, "बग, ह्यो समदं सांगंल त्याला." सभेला येणार म्हणून बऱ्याच जणींनी मला शब्द दिला.

शेवटचे प्रकरण आले त्या दिवशी मालकही दाराशी उभा राहून ऐकत होता. हेराने सगळ्यांना गिरणीच्या कचेरीत जमवले. एकेकाचे नाव घेऊन सोडून दिले. जॉबर नाही. पुतण्या नाही. विधवा नाही. माझा आवाज चढत होता. पुतण्या सुटला तेव्हा मला जरा नवल वाटले, कारण माझा डोळा त्याच्यावर होता. मी पान उलटले, पहिली ओळ वाचली, आणि ती माझ्या तोंडून बाहेर पडून गेल्यावर मला कळली.

खून पुढाऱ्याने केला होता.

अंगावर कोणी उकळते पाणी टाकावे, तसे झाले. मी ते नाव स्वतः, माझ्या आवाजात, साऱ्या शेडला ऐकवले होते. मी पुन्हा ओळ पाहिली. छपाईची चूक असेल, असेही एक क्षण वाटले. चूक नव्हती. हा लेखक पानोपान त्याला आमच्या मनात चढवत आला होता तो शेवटी असे पाडण्यासाठी! मी पुस्तक मिटले.

"वाच की पुढं," अक्का म्हणाली.

"नाही वाचणार."

"न्हाय म्हंजे? मारलं कशापायी? दार आतनं बंद हुतं, त्यो भाईर कसा आला?"

"हे खोटं आहे, अक्का. कोणा गिरणीवाल्यानं पैसे देऊन लिहून घेतलेलं आहे. असली घाण मी माझ्या तोंडानं वाचणार नाही."

मालक दारातून हसला. असा खूष मी त्याला कधी पाहिला नव्हता. "वाचा, मास्तर, वाचा. खणखणीत वाचा. बायांनो, ऐकलंत ना? सभा घेणारे पुढारी कसले असतात ते? मला ते पुस्तक हवंय. प्रत्येकीला एकेक वाटतो मी."

मला वाटले, सगळे संपले. तीन आठवडे मी माझ्याच हाताने माझ्याच सभेची कबर खणत होतो. बायका खाली मान घालून वळत होत्या आणि त्या काय विचार करत आहेत, ते मला दिसत नव्हते.

मग अक्का मान वर न करता म्हणाली, "व्हय मालक, वाटा की. पन पयल्या पानावर कोन मेलंय, ते इसरलात जनू."

शेडमध्ये असा हशा उसळला की पत्रा वाजला. पाने कापणारी लोळायचीच बाकी राहिली. मालकाचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "बंद!" तो ओरडला. "उद्यापासून वाचन बंद! हे सूप उचला इथून. मास्तर, चालते व्हा."

मी पुस्तक अक्काच्या हवाली केले आणि उठलो. खरे सांगतो, मला तेव्हा सुटल्यासारखेच वाटले. ते पान पुन्हा उघडावे लागणार नव्हते. पण दाराशी पोचतो न पोचतो, तोच मागे काही तरी बदलले. ते काय, हे कळायला मला वेळ लागला. विड्या वळताना सूप सतत बारीक खसखसते. तो आवाज थांबला होता.

सगळ्यांचे हात मांडीवर होते.

"काय झालं?" मालकाने विचारले.

"कशापायी मारलं, ते आयकू द्या," अक्का म्हणाली. "मग वळतो."

"मी सांगितलं ना, बंद."

"मग आमी बी बंद."

मी दारात उभा राहून पाहत होतो आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. रोज चांगल्या विड्या वाईट म्हणून काढून घेतल्या गेल्या, तेव्हा हे हात थांबले नाहीत. वर्षभर मी वाचलेल्या पत्रकांनी थांबले नाहीत. आणि आज एका भिकार, खोटारड्या पुस्तकाच्या उरलेल्या चार पानांसाठी थांबले! मला आनंद व्हायला हवा होता. मला जवळजवळ अपमान वाटला.

मालकाने दम दिला, घरी पाठवीन म्हणाला. कोणी उठले नाही. एकीने पोराला पाजायला घेतले. पाने कापणारीने खायचे पान लावले. बाहेर गाडीवान माल भरायला येऊन थांबला होता आणि हाका मारत होता. शेवटी मालक माझ्याकडे वळला, जणू हा सगळा माझा कट होता. "वाचा! वाचून टाका एकदाचं, आणि तोंड काळं करा."

"मी नाही वाचणार," मी म्हणालो.

आता साऱ्या शेडने माझ्याकडे पाहिले. अक्काची नजर मालकावरून माझ्यावर आली आणि ती नजर तीच होती, जराही बदललेली नव्हती.

"आमी हात थांबवलं," ती सावकाश म्हणाली, "आन तू न्हाय म्हनतोस?"

मी परत आलो आणि बसलो. तिने फडक्यातून पुस्तक काढून दिले. मी वाचले.

जे होते ते माझ्या भीतीपेक्षाही वाईट होते. पुढारी मालकाकडून पैसे खात होता. संप मिटवण्याचे पैसे, फाटकापुढच्या त्या भाषणाच्या आदल्या दिवशी घेतलेले. मालक ते उघड करणार होता, म्हणून खून. मी एकेक वाक्य गिळत वाचत होतो. दार आतून कसे बंद झाले, तेही सांगितले होते, कडीला सुतळी बांधून; ते ऐकताना बायका "हां, हां" करत होत्या. पुस्तक संपले तेव्हा मी मान वर केली नाही.

"लई भारी," पाने कापणारी म्हणाली.

"भारी?" माझा आवाज फाटला. "तुम्हाला हे भारी वाटलं? कामगारांच्या पुढाऱ्याला चोर ठरवलं यानं!"

"असत्यात की," अक्का म्हणाली. तिने विडी वळायला घेतली होती. "मी गिरणीत हुते, त्या वक्ताला बी हुता एक. गोड बोलायचा, तुझ्यावानी. वर्गणी घ्येऊन ग्येला."

"मग सभेला कोणी येणार नाही?"

तिने माझ्याकडे नवल वाटल्यासारखे पाहिले. "न्हाय कशापायी? आता तर याया पायजे. वर्गणी कुनाजवळ ऱ्हाती, ते बगाया नगं?"

त्या आल्या. रविवारी तळ्याकडच्या मैदानात आम्ही दोन कंदील आणि एक टेबल मांडले होते. मी पाठ केलेले भाषण सुरू केले आणि माझ्या लक्षात आले, की पहिल्या रांगेतल्या बायका माझे शब्द ऐकत नाहीत, माझा चेहरा पाहत आहेत. पानांवरच्या पुढाऱ्याला त्यांनी तीन आठवडे जसे पाहिले, तसे. भाषणात छाटीचा पहिला उल्लेख यायच्या आत अक्का उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आदी हिशेब कोन ठिवनार, त्ये ठरवा. तू न्हाय." सभा हसली. माझ्या मित्रांनी माना खाली घातल्या. हिशेब ठेवायला तिथल्या तिथे दोन बायका निवडल्या गेल्या, आणि त्यानंतर मात्र छाटीवर अशा त्वेषाने बोलणे झाले, की माझे भाषण अर्धवट राहिल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मालकाने वाचन बंद ठेवले नाही. छाट थांबली नव्हती, पण बायका आता संध्याकाळी छाटलेल्या विड्या परत मागत, आणि त्या कटकटीपेक्षा गोष्ट परवडली, असे त्याने ठरवले असावे. मला बोलावणे आले. अक्काचा निरोप होता: त्याच लेखकाचे दुसरे आण.

मी वाचनालयात गेलो. जाताना ठरवले होते, की दुसरे काही तरी नेईन, स्वच्छ, सज्जन, न बिघडलेले. ग्रंथपालांनी तपकिरीची डबी बाजूला ठेवून विचारले, "बोला, कोणतं?" मी त्या लेखकाचे नाव सांगितले. त्यांनी मेव्हण्याला लिहून त्याचे दुसरे आधीच मागवून ठेवले होते.

नव्या पुस्तकाचे पहिले प्रकरण मी सोमवारी उघडले. एका सावकाराचा खून. वाड्याच्या ओसरीवर प्रेत, भोवती माणसे जमलेली, आणि त्या गर्दीतून पुढे येतो एक तरुण. डोळे तेजस्वी, खादीची टोपी, काखेत पत्रकांचा गठ्ठा. लेखकाने त्याचे सुरेख वर्णन केले होते. मी ते वाचत असताना शेडमधली एकेक मान वर झाली. सगळ्या त्या तरुणाचा विचार करत होत्या आणि पाहत माझ्याकडे होत्या.

"वाच, तम्मुडू," अक्का म्हणाली. "बगू काय करतो त्ये."

मी पुढे वाचू लागलो. त्याने काय केले होते, ते मला खरोखरच ठाऊक नव्हते.